कांजीचं कापड

शिलाई मशीनचं डोकं आईच्या मांडीवर होतं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं आणि वरून सुतळीने करकचून बांधलेलं. वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, दुधाच्या टेम्पोत पुढे आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो होतो आणि दर खड्ड्याला आई ते डोकं दोन्ही हातांनी पोटाशी धरत होती.

"मागं कॅनच्या मदी ठिवलं असतं," आप्पा म्हणाले. "मांडी भरून आली आसंल तुजी."

"आदळलं असतं की."

"आदळलं तर आदळलं. द्यायलाच चाललोय नव्हं?"

आईने लुगड्याचं सुटलेलं टोक तेवढं आत खोचलं. माझ्या पायाशी एक कापडी पिशवी होती. आप्पांनी पिशवीत काय आहे ते विचारलं, तेव्हा मी "चिंध्या" असं खरंखरं उत्तर दिलं. ते हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा सांगलीला ड्रेस डिझायनिंगच्या डिप्लोमाला, दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजातला मशीनचा हॉल पाच वाजता बंद व्हायचा आणि आमचा सराव तिथेच थांबायचा. ज्या मुलींच्या खोलीवर मशीन होतं त्या भराभर पुढे चालल्या होत्या. मी मागे राहणाऱ्यांतली नव्हते, पण मशीन नसेल तर मागे राहणारच हे मला दिसत होतं. आप्पांना सांगितलं. ते तयार झाले, पण घरातलं जुनं मशीन बदल्यात द्यायचं, या अटीवर. "सोळा वरसं झाली, त्याच्यावर लोणच्याच्या बरण्या हाईत," ते म्हणाले. "बरण्या काय, कुठंबी ऱ्हात्यात."

आई लगेच म्हणाली, "द्या की. माजा काय त्याच्यावर हात बसला न्हाई."

हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले होते. हात बसणं न बसणं हे उंचीसारखं असतं, एखाद्याला मिळते, एखाद्याला नाही, असंच मी लहानपणी धरून चालले होते. खरं तर लग्नाआधी आई कडेगावच्या शिवणक्लासात पहिली आली होती. तिचं ते प्रमाणपत्र देवघराच्या मागे, ओल लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं असे. लग्न झालं, मी झाले, आणि आप्पांनी तिला विट्याच्या पेठेतून, वसंतअण्णांच्या दुकानातून, कोरं करकरीत मशीन आणून दिलं. गल्लीतल्या बायका ब्लाउजपीस घेऊन दारात आल्या. पहिलंच काम शेजारच्या हौसाकाकूंच्या लेकीच्या हळदीचं ब्लाउज होतं, हिरव्या तलम कापडाचं. भर मांडवात ते बाहीपाशी उसवलं. टाके मध्ये मध्ये सुटलेले होते. नवरीला शाल पांघरून बसवावं लागलं आणि हौसाकाकूंनी चार बायकांत आईला काय काय ऐकवलं ते त्या बायका अजून विसरलेल्या नव्हत्या.

आई आणि आप्पा ते मशीन घेऊन पुन्हा विट्याला गेले होते. अण्णांनी गिऱ्हाइकांदेखत त्यावर सरळ टीप मारून दाखवली. आणि म्हणाले, "ताई, मशीनला काही झालेलं नाही. तुमचा हात बसला नाही अजून."

त्यानंतर आईने दुसऱ्याचं कापड कधी हातात धरलं नाही. पोत्याचे बसकर, उशीचे अभ्रे, गोधड्यांच्या कडा एवढंच ती शिवायची. "जाड्याभरड्याला चालतोय माजा हात," म्हणायची. "तलम माज्याच्यानं व्हत न्हाई." मात्र दर खंडेनवमीला ती बरण्या खाली उतरवून मशीन पुसायची, तेल घालायची, हळदकुंकू वाहायची. कामाला न येणाऱ्या हत्याराची इतकी निगुतीने पूजा करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आता सांगलीचं सांगते. माझ्या खोलीवर मिरजेची तबस्सुम मुजावर राहायची, आणि बाजारातलं काहीही घेण्याच्या बाबतीत ती माझी गुरू. आमच्या वर्गात नेटवर बघितल्याशिवाय कुणी साधी पाण्याची बाटलीही घेत नसे, पण तबस्सुमचा अभ्यास वेगळा. "आधी एक तारावाले अभिप्राय वाच," ती सांगायची. "पाच तारे देणाऱ्याला काल खोकं मिळालेलं असतं. एक तारा देणाऱ्याने वापरलेलं असतं." इस्त्री घेताना तिने आठ दिवस वाचन केलं होतं, आणि दुकानात जाऊन दुकानदाराला असे प्रश्न विचारले, की त्याने शेवटी विचारलं, "ताई, तुम्ही कंपनीच्या का?"

मॅडम एकदा आम्हाला म्हणाल्या होत्या, "एवढं मोबाईलवर बघता, तर तिथूनच मागवा की." तबस्सुम ताडकन म्हणाली, "मॅडम, बिघडलं तर भांडायला समोर तोंड पाहिजे." सगळा वर्ग हसला. पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आम्ही बहुतेक जणी खेड्यातल्या. दुकानात पाऊल ठेवलं की दुकानदार आमच्या चपलांकडे बघायचा आणि कुठलं खोकं काढायचं ते ठरवायचा. काही विचारलं तर "तुम्हाला नाही कळायचं त्यातलं," असं उत्तर. घरातून वस्तू एकदाच मिळणार होती. ती चुकली तर पुढली दहा वर्षं तिच्याशी जमवून घ्यायचं, आणि वर आपलंच चुकलं म्हणायचं.

मी तीन आठवडे मशीनचा अभ्यास केला. कुठल्या मशीनचा आवाज वाढतो, कुठल्याचे सुटे भाग मिळत नाहीत, सगळं वहीत उतरवून काढलं. मशीन दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराचे व्हिडिओ होते. माणूस बोलायचा कमी, दाखवायचा जास्त. त्याचा एक व्हिडिओ मी सात वेळा बघितला. मग एका शनिवारी मी घरी गेले, बरण्या खाली उतरवल्या, आई रानात गेलेली असताना जुनं मशीन दोन तास चालवलं, आणि पुन्हा बरण्या जशाच्या तशा मांडून ठेवल्या. आईला काही बोलले नाही.

"ठरलं?" तबस्सुमने विचारलं. "सांगलीतच घे. नाहीतर आमच्या मिरजेत चल, माझे मामा ओळखीने देतील."

"विट्याला घेणार."

"विट्यालाच का? तिथे एकच तर दुकान."

"म्हणूनच," मी म्हणाले. पुढे तिने विचारलं नाही. तबस्सुमचा हा मोठा गुण होता.

आप्पांनी आम्हाला पेठेत उतरवलं आणि दुपारी येतो म्हणून ते डेअरीकडे गेले. वसंतअण्णांचं दुकान ऐसपैस होतं. भिंतीला ओळीने मशीनं, मध्ये काउंटर, आणि काउंटरच्या मागे अण्णा. सत्तरीला आलेले, पण ताठ. कपाळाला अष्टगंध, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांच्या डोक्यावर एक पाटी होती : "मोबाईलवरील माहिती दुकानात सांगू नये." बाकावर एक टेलर बसला होता. बत्तासे टेलर, लेंगरे गावचे. त्यांचं मशीन दुरुस्त होऊन पडलं होतं, पण गप्पा संपल्या नव्हत्या.

"या ताई, या," अण्णा म्हणाले. माणूस गोड बोलणारा होता, हे कबूल केलं पाहिजे. "मुलीला मशीन? लग्न ठरलंय वाटतं."

"परीक्षा ठरलीय," मी म्हणाले.

"कॉलेजची दिसतेस." त्यांनी बत्तासे टेलरांकडे बघून डोळे मिचकावले. "म्हणजे मोबाईलवर बघून आली असणार. हल्ली ह्या पोरींना आम्ही काही शिकवायचं राहिलंच नाही हो. तिकडे बघतात, इकडे येऊन हात लावतात, आमच्या पंख्याची हवा खातात आणि निघून जातात. सांग बाई, काय काय बघून आलीस?"

"ते सांगायचं नाही, अशी पाटी आहे तुमची."

बत्तासे टेलर खो खो हसले. अण्णाही हसले, पण जरा उशिराने. आई मागे उभी होती. तिने माझ्या ओढणीचं टोक ओढलं. ती दुकानात शिरल्यापासून एक शब्द बोलली नव्हती आणि नजर फरशीवरून वर उचलत नव्हती.

"सोळा वर्षांचं जुनं बदल्यात द्यायचंय," मी म्हणाले आणि आईच्या हातातलं ओझं काउंटरवर ठेवलं. सुतळी सोडली. काळं डोकं बाहेर आलं. हळदकुंकवाचे डाग त्याच्या अंगावर तसेच होते.

"अरे वा! हे तर आमच्याकडचंच." अण्णांनी मशीनच्या पाठीवरून हात फिरवला. "तेलपाणी छान ठेवलंय. चालतं का?"

"तुम्हीच बघा."

अण्णांनी डोकं एका पायमशीनच्या स्टँडवर बसवलं, पट्टा चढवला, बॉबिन भरली. मग काउंटरखाली हात घातला आणि एक कापड काढलं. पांढरंशुभ्र, कडक, दुहेरी घडीचं. कागदासारखं वाजणारं. त्यावर आधीच्या कितीतरी टिपा होत्या, लाल, निळ्या, हिरव्या, एकीशेजारी एक, वहीवर ओळी आखाव्यात तशा. मी आईकडे बघितलं. ती त्या कापडाकडे बघत होती. तिने ते ओळखलं होतं.

खडखडखड मशीन चाललं. सरळ टीप पडली. अण्णांनी कापड आमच्यासमोर धरलं. "बघा. टकाटक चालतंय. सोळा काय, अजून तीस वर्षं चालेल. ताई, तुम्ही हे वापरलंच नाही वाटतं."

"त्यांचा हात बसला नाही त्याच्यावर," मी म्हणाले.

"होतं असं," अण्णा म्हणाले. "एकेकाचा हात असतो."

आईची मान आणखी खाली गेली. तो क्षण मला अजून आठवतो, कारण मला त्या क्षणी राग आला नाही. मला वाटलं, आता बरोबर जागेवर आलं. मी पिशवी उघडली आणि चिंध्या काउंटरवर ओतल्या. जीन्सचा तुकडा, टेरिकॉटचा, साडीच्या अस्तराचा, आणि एक हिरवा, तलम.

"अण्णा, ह्या हिरव्यावर एक टीप मारून दाखवाल?"

"हे कुटनं आणलंस?" आई एकदम म्हणाली. तो तुकडा तिच्याच मशीनच्या ड्रॉवरमध्ये, सुटी बटणं आणि गंजलेल्या सुयांच्या खाली होता. हौसाकाकूंच्या लेकीच्या ब्लाउजचा उरलेला तुकडा. सोळा वर्षं तिने तो टाकला नव्हता आणि कुणाला दाखवलाही नव्हता.

"कापड ते कापड," अण्णा म्हणाले आणि हिरवा तुकडा दुमडून मशीनखाली सरकवला.

मशीन चाललं. आवाज तोच. पण कापड बाहेर आलं तेव्हा टीप नव्हती. चार टाके, मग मोकळी जागा, दोन टाके, पुन्हा मोकळी जागा. अण्णांनी चष्मा वर केला. "सुई खराब असेल."

मी पिशवीतून सुयांचं नवं पाकीट काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. सीलबंद होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, सुई बदलली आणि पुन्हा शिवलं. पुन्हा तेच.

"दोरा?" मी विचारलं. "दोरा तर तुमचाच आहे."

"अगं, हे कापडच असलं आहे," अण्णांचा आवाज चढला. "सुळसुळीत. ह्याच्यावर कुठलंही मशीन टाके सोडणार."

"ते भिंतीकडचं तिसरं मशीन. त्याच्यावर मारून बघा."

ते मी तीन आठवडे वाचून निवडलेलं मशीन होतं. अण्णा उठले. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण बत्तासे टेलर आता बाकावरून उठून जवळ येऊन उभे होते. अण्णांनी नव्या मशीनवर तोच हिरवा तुकडा शिवला. टीप सुरेख पडली. एक टाका सुटला नाही.

बत्तासे टेलर वाकले, जुन्या मशीनचं चाक हाताने हळूहळू फिरवत खाली डोकावले आणि म्हणाले, "अण्णा, टायमिंग चुकलंय ह्याचं. सुई वर येतीया आन् शटल मागनं पोचतंय. आन् हे आत्ताचं न्हाई. हे स्क्रू कुणी कधी हलिवलेलंच न्हाईत. कारखान्यातनंच असं आलंय."

हेच त्या म्हाताऱ्या कारागिराने व्हिडिओत दाखवलं होतं. सुई खाली जाऊन वर येताना दोऱ्याचा बारीक फास होतो आणि शटलने तो नेमक्या वेळी पकडायचा असतो. कडक कापड जागचं हलत नाही, म्हणून फास मोठा होतो आणि उशिरा आलेल्या शटललाही सापडतो. तलम कापड सुईबरोबर वर येतं आणि फास हुकतो. आणि शेवटी त्या कारागिराने कॅमेऱ्याकडे बघून एकच वाक्य सांगितलं होतं : मशीन घ्यायला जाल तेव्हा घरचं कापड घेऊन जा, कारण दुकानात सगळे कांजी घालून कडक केलेल्या कापडावरच दाखवतात.

हे मी आईला घरीच सांगू शकले असते. सांगलीहून एखादा मिस्त्रीही आणला असता. पण आईला ते पटलं नसतं. ती म्हणाली असती, मोबाईलला काय कळतंय माझ्या हातातलं. ज्या माणसाने तिला सांगितलं होतं, त्याच्याच हाताखाली तो टाका सुटायला हवा होता, आणि तिने तो डोळ्यांनी बघायला हवा होता. विट्याला जायचं कारण एवढंच होतं.

आई पुढे आली. तिने अण्णांच्या हातून हिरवा तुकडा घेतला. त्यावर दोन्ही टिपा होत्या, तुटकी आणि सरळ. तिने दोन्हींवरून अंगठा फिरवला. मग मान वर केली आणि अण्णांच्या डोळ्यांत बघितलं.

"अण्णा," ती म्हणाली, "ह्याच्यावर तुमचाबी हात बसला न्हाई."

तिचा आवाज मुळीच चढलेला नव्हता. शेजारणीला चहाला बोलवावं तसा साधा होता. बत्तासे टेलरांनी तोंडावर उपरणं धरलं. अण्णा चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले.

"तुमाला न्हाई आटवायचं," आई म्हणाली. "मी आन् हिचं वडील आलो हुतो. ही कडेवर हुती. तुमी ह्याच कापडावर शिवून दावलं आन् म्हनलासा, ताई, तुमचा हात बसला न्हाई. हितं चार मानसं हुती. मी त्या दिसापासनं ब्लाउज शिवलं न्हाई."

"ताई..." अण्णा खुर्चीत बसले. मग जे म्हणाले ते बहुधा खरं होतं, कारण खोटं याहून बरं सांगता आलं असतं. "तुम्हाला एकटीला नाही म्हटलं हो. त्या वर्षी तो सगळा माल तसलाच आला होता. कंपनी परत घेईना. जी बाई तक्रार घेऊन यायची तिला मी हेच सांगायचो. बायका ऐकून घ्यायच्या. परत कुणी यायचं नाही."

"किती जणी?" मी विचारलं.

अण्णांनी मान हलवली. मोजलं नव्हतं म्हणाले. मला आमच्या तालुक्यातली घरं डोळ्यांपुढे आली, आणि त्या घरांतली झाकून ठेवलेली काळी मशीनं, आणि त्यांच्यावर ठेवलेल्या बरण्या, डबे, टीव्ही. आता राग आला. आईला मात्र आला नाही. तिने वेगळंच विचारलं.

"नीट व्हतंय का हे?"

"होतं की. दहा मिनिटांचं काम."

"दहा मिंटांचं?"

"दहा मिनिटांचं," अण्णा खाली बघत म्हणाले.

"मग करा."

अण्णांनी मिस्त्रीला हाक मारली नाही. स्वतःच मशीन आडवं केलं, स्क्रू सैल केले, सुईदांडा किंचित खाली घेतला, चाक फिरवून फिरवून बघितलं. काम येणारे हात होते. दहाची बारा मिनिटं झाली असतील. मग ते उठले आणि स्टूल आईसाठी मोकळं केलं.

आई बसेना. "वृषे, तूच बघ," मला म्हणाली.

"मी नाही," मी म्हणाले. "माझा हात बसलेला नाही त्याच्यावर."

बत्तासे टेलरांनी आपल्या पिशवीतून एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची कातरण काढली. जॉर्जेटची, वाऱ्याने उडेल अशी. "हे घ्या वैनी. ह्याच्यावर जमलं तर कशावरबी जमंल."

आई बसली. पदर खोचला. कापड दुमडलं, नखाने घडी घातली, सुई टेकवली. पाय पट्टीवर ठेवून एकदा माझ्याकडे बघितलं. आणि पाय हलला. आधी हळू, मग सलग. मला वाटत होतं, ती घाबरत घाबरत वीतभर शिवेल. तिने हातभर शिवलं, टोकाला सुई टेकवून कापड वळवलं आणि परत आली, मग बाहीला मारतात तशी गोलाईची टीप मारली, कुणी न सांगता. कडेगावच्या क्लासात शिकवलेलं सगळं तिच्या बोटांत जागच्या जागी होतं. ती थांबली तेव्हा बत्तासे टेलरांनी कापड उजेडात धरलं. उलटून बघितलं. मग एका कारागिराने दुसऱ्याला सांगावं तसं म्हणाले, "चांगलाय हात."

आईने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. "मशीन बांदा," ती म्हणाली. "द्यायचं न्हाई मला."

"आई, पण नवं..." मी म्हणाले. कारण भिंतीकडचं तिसरं मशीन मला अजून दिसत होतं. तीन आठवड्यांचा अभ्यास, वहीची अठरा पानं, आणि आप्पांची अट. जुनं नाही तर नवं नाही.

"तुजं तुला मी घिऊन दीन," आई म्हणाली. "दिवाळीपत्तोर कळ काढ. माज्या हातानं घिऊन दीन."

खोटं कशाला सांगू, माझा जीव खट्टू झाला. पण असं ठामपणे बोलताना आईला मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकण्यासाठी तीन महिने कळ काढणं काही महाग नव्हतं. मी लुगडं पसरलं आणि आम्ही मशीन बांधायला घेतलं. अण्णांनी दुरुस्तीचं काही घेतलं नाही. आईनेही विचारलं नाही. निघताना ती काउंटरपाशी थांबली.

"ते कापड द्या मला."

"कुठलं?"

"ते पांडरं."

अण्णा घुटमळले. मग त्यांनी ते कडक दुहेरी कापड तिच्या हातात दिलं. तिने त्याची चौकोनी घडी केली आणि कमरेला खोचली.

दुपारी आप्पा आले. दुकानासमोर आई मशीन घेऊन तशीच उभी बघून टेम्पोतून म्हणाले, "घेतलं न्हाई व्हय अण्णांनी? मोडलंय म्हनले?"

आई चढून बसली, मशीन मांडीवर नीट घेतलं आणि म्हणाली, "मशीन बरं झालं. हात बरा हुताच."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. सोळा वर्षांपूर्वी त्या दुकानात आईशेजारी तेही उभे होते आणि तेही मान डोलावून परत आले होते. त्यांनी टेम्पो चालू केला आणि घरापर्यंत एकही खड्डा लागू दिला नाही.

सांगलीला गेल्यावर तबस्सुमने दारातच विचारलं, "कुठलं घेतलंस शेवटी?"

"जुनंच," मी म्हणाले.

त्या दसऱ्याच्या आत आईने चौतीस ब्लाउज शिवले. पहिलं हौसाकाकूंचं होतं. आईने स्वतः जाऊन कापड मागून आणलं होतं. दिवाळीच्या पाडव्याला माझ्या खोलीवर नवं मशीन आलं. पुढे गावोगावच्या बायका झाकलेली मशीनं घेऊन आईकडे यायला लागल्या, आणि आई ते दहा मिनिटांचं काम बत्तासे टेलरांकडून शिकून त्यात तरबेज झाली. सुट्टीत मीही तिच्या हाताखाली बसायची. दोन वर्षांत आम्ही एकशेसात मशीनं नीट केली.

आज माझ्याकडे सांगलीत बारा मशीनं आणि नऊ मुली आहेत. नवी मुलगी आली आणि मोबाईलमध्ये डोकं घालून बसली की सगळ्या माझ्याकडे बघतात, आता बाई ओरडणार म्हणून. मी ओरडत नाही. एक तारावाले आधी वाच, एवढं सांगते.

आणि ते कांजीचं कापड अजून आमच्या घरी आहे. कांजी केव्हाच उतरली, रंगीत टिपा विटल्या. आई त्याने चहाचं पातेलं उतरवते.